सिमेंटमधला स्फटिक, मुतखड्यातला स्फटिक



प्रत्येकाने आपल्या क्षेत्राबद्दल पाच मिनिटं बोलायचं ठरलं आहे. माझी पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची, नोकरी सॉफ्टवेअरची. सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर मागचा बाक झोपेल, म्हणून सिमेंटबद्दल बोलते.

घराच्या स्लॅबचं सिमेंट सगळ्यांना माहीत आहे. त्यावर पाणी मारत राहायचं आणि ताकद मोजायची २८ दिवसांनी. पण विमानतळाची धावपट्टी इतके दिवस बंद ठेवता येत नाही. अशा दुरुस्तीला मॅग्नेशियम फॉस्फेट सिमेंट वापरतात. ते काही मिनिटांत घट्ट होतं आणि काही तासांत भार पेलतं.

त्यात मुख्य घटक दोन. एक, सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजलेलं मॅग्नेशियम ऑक्साइड. दुसरं, पोटॅशियमचं आम्लधर्मी फॉस्फेट. म्हणजे शाळेत शिकलेली आम्ल-आम्लारी अभिक्रियाच! पाणी घातलं की फॉस्फेट विरघळतं आणि ते आम्लधर्मी पाणी ऑक्साइडचे कण कुरतडू लागतं. मॅग्नेशियम पाण्यात उतरतं, आम्लता कमी होत जाते आणि शेवटी द्रावणात आणखी काही मावत नाही. मग कणांवर स्फटिक उगवतात. प्रत्येक मॅग्नेशियमभोवती पाण्याचे सहा रेणू बांधलेले असतात, म्हणजे पाणी दगडाचाच भाग होतं. वाढणारे स्फटिक एकमेकांत अडकतात. ताकद येते ती त्यातून. न विरघळलेले ऑक्साइडचे कण आत खडीसारखे राहतात.

अडचण उष्णतेची. अभिक्रियेतून उष्णता निघते, उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते आणि गवंड्याला थापी फिरवायलाही उसंत मिळत नाही. घाईत जमलेले स्फटिक बारीक, वेडेवाकडे होतात. निवताना तडे जातात. म्हणून थोडा टाकणखार घालतात. त्याने वेग कमी होतो आणि स्फटिकांना नीट वाढायला वेळ मिळतो.

पोटॅशियमऐवजी अमोनियम वापरलं तर होणारा स्फटिक म्हणजे स्ट्रुव्हाइट. आता मैत्रिणींनो, नीट ऐका. हाच स्ट्रुव्हाइट मूत्रपिंडातही होतो. मूत्रमार्गाच्या संसर्गातले काही जिवाणू युरिया फोडून अमोनिया तयार करतात. लघवीची आम्लता जाते आणि तिथलंच मॅग्नेशियम, फॉस्फेट घेऊन स्फटिक जमतात. रसायनशास्त्र तेच, फक्त जागा चुकीची. हा खडा भराभर वाढतो, कधी सांबराच्या शिंगासारखा मूत्रपिंडभर पसरतो, आणि सुरुवातीला दुखेलच असं नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग बायकांना जास्त होतो, म्हणून हा खडाही बायकांमध्ये जास्त आढळतो.

आपण चाळिशी ओलांडली आहे. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी न पिणं, जळजळ अंगावर काढणं, बरं वाटलं की गोळ्या अर्धवट सोडणं, हे आपल्यापैकी किती जणी करतात ते मला विचारायचं नाही. पण संसर्ग पुन्हापुन्हा होत असेल तर डॉक्टरांकडून लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीबद्दल विचारून घ्या. धावपट्टीवर हा दगड हवाच आहे, पोटात नको.

सरांनी आणि बाईंनी विज्ञान परीक्षेपुरतं शिकवलं नव्हतं, म्हणून हे सांगू शकले.