विहिरीच्या काठावरचा दगड



आमच्या अहमदपूर भागात माणूस अनोळखी विहिरीपाशी गेला, की आधी वाकून पाहतो आणि मग एक खडा आत सोडतो. 'डुबुक' ऐकू आलं की म्हणतो, "पाणी लई खाली गेलंय." पुढच्या वेळी खडा सोडताना घड्याळ बघा. पहिल्या सेकंदात तो 16 फूट उतरतो, दुसऱ्या सेकंदात आणखी 48. दोन सेकंदांनी आवाज आला, तर पाणी साधारण 64 फुटांवर आहे.

दुसऱ्या सेकंदात तिप्पट अंतर कसं? पृथ्वीची ओढ सुटत नाही, म्हणून. दर सेकंदाला खड्याचा वेग सेकंदाला 32 फुटांनी वाढतो. या वाढीलाच त्वरण म्हणतात. जड वस्तूंना पृथ्वी आपल्याकडे ओढते, हे भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धान्तशिरोमणी'त लिहून ठेवलं. पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचा हिशेब पुढे गॅलिलिओनं मांडला. त्याच्याजवळ सेकंद दाखवणारं घड्याळ नव्हतं. भांड्यातून धारेनं पडलेलं पाणी तोलून तो वेळ मोजायचा!

मुलं अडखळतात ती एका जागी. चेंडू सरळ वर फेकला, की चढताना त्याचा वेग कमी होत जातो आणि अगदी वर क्षणभर शून्य होतो. "तिथं त्वरण किती?" असं विचारलं, की वर्गातून हमखास उत्तर येतं, "शून्य, सर." मी म्हणतो, बाळांनो, तसं असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता. चढताना, टोकाला आणि उतरताना ओढ तेवढीच असते, आणि ती खालीच असते.

विहिरीच्या काठावरचा दगडही असाच फसवतो. उन्हाळ्यात गाळ काढायला, खडक फोडायला माणसं आत उतरतात, वर यारी चालू असते. कुणाचा तरी पाय लागून दगड घरंगळतो. काठावर त्याचा वेग नावालाच असतो. 64 फूट खाली पोचेपर्यंत तो तासाला 70 किलोमीटर होतो. वरच्यानं ओरडायचं, खालच्यानं ऐकून सरकायचं, याला दोन सेकंद पुरत नाहीत. मुठीएवढा दगडही जीव घेतो.

म्हणून शेतकरी बांधवांना हात जोडून विनंती आहे. माणूस आत उतरण्याआधी काठाभोवतीचे सुटे दगड उचलून चार पावलं लांब टाका, आणि आत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असू द्या.