आधी आपल्या माणसांना जाब



ऑगस्ट १९४८. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रात्री कचेरीतून घराकडे निघाले होते. निजामाची सत्ता टिकवायला उभ्या राहिलेल्या सशस्त्र रझाकारांच्या जुलमावर ते उघड लिहीत. हैदराबादने भारतात सामील व्हावं, असंही ठामपणे मांडत. मारेकऱ्यांनी त्यांना वाटेतच गाठलं, गोळ्या घातल्या आणि हात तोडला. ‘आपल्यातला’ माणूस धर्माच्या नावाने चाललेल्या सत्तेला प्रश्न विचारतो, हा शोएबुल्लांचा गुन्हा.

धर्म आणि लोकशाही यांच्यावरचा संवाद मराठवाड्यात सुरू करायचा तर तो इथून करावा लागतो. सणासुदीला एकमेकांकडे जेवायला जाणं चांगलंच, पण तेवढ्याने हा संवाद होत नाही. प्रत्येकाने आधी आपल्या माणसांना, आपल्या व्यासपीठाला जाब विचारावा लागतो. मग समोरच्याला आपल्या शब्दावर विश्वास ठेवायला जागा राहते.

हा नियम सगळ्यांना सारखाच. हैदराबाद भारतात सामील करणाऱ्या सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने फिरून त्याची नोंद केली. तो अहवाल पुढे कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन करताना शोएबुल्लांचं नाव घ्यावं आणि या अहवालाचंही घ्यावं. एक घेऊन दुसरं टाळणं हा अप्रामाणिकपणा आहे.

आपल्याच धर्मपीठाला जाब विचारण्याचं आणखी एक उदाहरण मराठी यहुद्यांचं. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. दिवेकर, पेणकर, चेऊलकर ही त्यांची आडनावं. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक हळूहळू इस्राएलला गेले. तिथे १९६२ साली मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएल वधू-वरांची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी केल्याशिवाय लग्न लावू नये. म्हणजे शतकानुशतकं शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्यांनी आपण यहुदी असल्याचा पुरावा द्यायचा! ही माणसं गप्प बसली नाहीत. १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं आणि धर्मपीठाला आपलं फर्मान बदलावं लागलं. धर्म न सोडता धर्मपीठाशी लोकशाहीच्या मार्गाने कसं भांडावं, याचं याहून ठसठशीत मराठी उदाहरण सापडणं कठीण.

याच समाजाचं मलिद्याचं ताट पाहावं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, बाजूला फळं. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ते मांडलं जातं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्या प्रेषिताशी जोडलेलं पवित्र ठिकाण आहे, तिथेही भाविक जातात. आपल्याकडच्या दर्ग्यांतही मलिदा चढतो, पोळी कुस्करून, गूळ-तूप घालून. आणि ज्याच्या नावाने कोकणात हे ताट मांडतात, तो प्रेषित बायबलात एलिया आहे, कुराणात इल्यास. तिन्ही धर्मांना जोडणारी इतकी ओळखीची वाट घरात असताना आंतरधर्मीय संवाद ही बाहेरून आणलेली कल्पना वाटावी, याचं वाईट वाटतं.

ही वाट मराठी साहित्याला नवी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, तसंच ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ लिहून यहुदी आणि अरबांचा इस्राएल-पॅलेस्टाईन संघर्षही मराठी वाचकापुढे मांडला. हेच धर्मगुरू वसईच्या पाण्या-झाडांसाठी हरित वसईच्या आंदोलनात उतरले. २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ त्यांच्या धर्मामुळे काही संघटनांनी विरोध केला. मराठवाड्याने त्यांना व्यासपीठ दिलं. आणि आपल्याच समाजाला जाब विचारणारे लेखक हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाईंची सगळी मतं पटायलाच हवीत असं नाही. पण इतर धर्मीयांनी त्यांना नुसत्या टाळ्या वाजवायच्या आणि स्वतःच्या घरातल्या बायकांचे प्रश्न झाकून ठेवायचे, ही त्यांच्या कामाची थट्टा आहे.

म्हणून हिंगोलीतल्या या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून एक मागणी. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या पाचही तालुक्यांतल्या वाचनालयांनी १९४८च्या आठवणी नोंदवायला घ्याव्यात. हिंदू घरांतल्या आणि मुसलमान घरांतल्याही, मराठीत आणि दखनीत, सांगणारा बोलेल तशाच. नोंदवणाऱ्यांच्या जोडीत दोन्ही समाजांची मुलं असावीत. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीला टेकली आहेत. हे काम पुढच्या संमेलनापर्यंत थांबवू नये. याच महिन्यात सुरू करावं.