पाऊस नाही, धुई अडवते

आमच्या देवळ्यात जोराची सर आली की डिशवरचा टीव्ही गप्प होतो, तुमच्याकडेही होत असेल. म्हणून भाऊ म्हणाला, डाळिंबाच्या बागेत चोरीसाठी कॅमेरे लावू, घरापासून प्रकाशाची लिंक घेऊ, तेव्हा मी विकणाऱ्याला एकच विचारलं, "पावसात चालेल का?" अंतर दीड किलोमीटर, मधे लोकांची शेतं, केबल टाकणं अवघड. तो म्हणाला, चालते. खरंच सांगत होता. प्रश्न माझाच चुकला होता.

या लिंकमध्ये डोळ्यांना न दिसणारा लेसर असतो, लहर साधारण दीड मायक्रॉनची. पावसाचा थेंब मोठा, पण थेंब विरळ. बराच प्रकाश मधून निसटतो. ताशी २५ मिलिमीटर पावसात किलोमीटरमागे सहा ते दहा डेसिबल जातात. दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा पोचला. तेवढं यंत्र झेलतं.

धुईचं गणित वेगळं. थेंब काही मायक्रॉनचे, पण अगणित. तेच पाणी बारीक केलं की प्रकाशाला आडवं येणारं अंग कितीतरी वाढतं. २०० मीटरपलीकडचं दिसेना अशा धुईत किलोमीटरमागे सुमारे ८५ डेसिबल, म्हणजे तीस कोटींतला एखादा भाग. दीड किलोमीटरचं तर बोलायलाच नको. टीव्हीच्या डिशचं नेमकं उलटं: तिची लहर अडीच सेंटीमीटरची, धुई तिला जाणवतही नाही, पाऊस मात्र शोषतो.

हे जुन्या मोजणीदारांना ठाऊक होतं बरं का. लॅम्बटन, जे १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारले, ते आणि एव्हरेस्ट लांबच्या खुणा टिपायला पावसाळा निवडायचे. पावसाने धूळ बसते, हवा निवळते. हिवतापाने माणसं आजारी पडायची, तरीसुद्धा.

आता आमचं बघा. चोर येणार हिवाळ्यात, पहाटे, धुईत. आणि लिंक तुटणार तेव्हाच. (कॅमेऱ्यालाही तेव्हा फार दिसत नाही, ते मान्य.) शेवटी पाच गिगाहर्ट्झचा साधा रेडिओ बसवला. वेग कमी, पण चार कॅमेऱ्यांना पुरतो, आणि पाऊस-धुई दोन्ही त्याला फारसे नडत नाहीत. भाऊ अजून म्हणतो, लेसरच घ्यायला हवा होता. मी त्याला म्हटलंय, यंदा धुई किती पहाटे पडते ते वहीत लिहून ठेव, मग बोलू.