भाड्याच्या खोलीपुढचं टिपाड



आजचा विषय आहे पावसाचं पाणी. तुम्ही म्हणाल, ताई, हे तर दरवर्षी ऐकतो. शेततळं करा, बांध घाला, छतावरचं पाणी बोअरला सोडा. बरोबर आहे, पण हे सगळं ज्यांचं घर आणि रान स्वतःचं आहे त्यांच्यासाठी झालं. मी आज बोलणार आहे भाड्यानं राहणाऱ्या बायकांशी. आपल्या बचत गटांत अशा बायका थोड्या नाहीत. कुणी मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला खोली घेतलीय, कुणाचा नवरा एमआयडीसीत आहे, कुणाची लेक पुण्याला नर्सिंग शिकतेय. भिंत आपली नाही, पत्रा आपला नाही. मग पाणी साठवायचं कसं?

मी स्वतः पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहते. एका ओळीत चार खोल्या आणि चौघींत एक नळ. पाणी दिवसाआड. एकदा भर पावसात मी कळशी घेऊन नळाच्या रांगेत उभी होते. वरून पागोळ्या माझ्याच डोक्यावर गळत होत्या, आणि नळ होता कोरडा! आम्ही चौघीही हसलो. पण रात्री मला झोप लागेना. एवढं पाणी दारात पडून गटारात जातंय आणि आपण त्याच पाण्यासाठी भांडतोय.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, वळचणीखाली एक टिपाड ठेवू का?"

"ठेव की. पण भिंतीला भोकं पाडायची नाहीत, आणि माझ्या जोत्यात पाणी मुरता कामा नये."

दोन्ही अटी रास्त होत्या. म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही, की आधी विचारा. घरमालकाला न सांगता केलेली सोय एका भांडणात मोडते.

आता काय केलं ते सांगते. चार इंची प्लॅस्टिकचा पाइप आणला आणि करवतीनं उभा चिरून घेतला. त्याच्या दोन पन्हळी झाल्या. माझ्या आणि शेजारणीच्या दारावर, पत्र्याच्या कडेखाली त्या तारेनं बांधल्या. भोक एकही पाडलं नाही. पन्हळीला टिपाडाच्या बाजूला थोडा उतार दिला. टिपाड सपाट फरशीवर, विटांचा थर देऊन ठेवलं, म्हणजे खालच्या तोटीला बादली लागते. भरून वाहिलेलं पाणी जोत्यापासून लांब जावं म्हणून वरच्या अंगाला पाइपचा तुकडा बसवला. खर्च दोघींनी वाटून घेतला. उद्या खोली सोडली तर तार सोडायची आणि सगळं सामान बरोबर न्यायचं.

पाणी किती मिळतं? हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. दहा फूट बाय दहा फूट खोलीचा पत्रा साधारण 9 चौरस मीटर. रेडिओवर आपण ऐकतो, आज 10 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे त्या एका पत्र्यावर 90 लिटर पाणी पडलं. उडालं, सांडलं, पहिलं सोडून दिलं, तरी 70 लिटर हाती लागतं. पंधरा लिटरच्या घागरीनं मोजलं तर चार घागरी भरून वर थोडं उरतं. दोन खोल्यांच्या नऊ घागरी. आपल्या दुष्काळी पट्ट्यात मृगापेक्षा उत्तरा-हस्ताचा पाऊस जास्त भरवशाचा. पण तयारी मृगाच्या आधीच करून ठेवावी.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी टिपाडावर नुसती फळी टाकली होती. पंधरा दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या मुलीला ताप आला. दवाखान्यात डेंग्यू निघाला. आशाताई घर बघायला आल्या, टिपाडात बॅटरी मारली आणि मला म्हणाल्या, "बघा." पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पोरगी आठ दिवसांनी उठून बसली. डास माझ्याच टिपाडातला होता की दुसरीकडचा, हे कुणी सांगू शकणार नाही. पण तिच्या आईच्या डोळ्याला डोळा द्यायला मला जड गेलं. काकू म्हणाल्या, "फेकून दे ते टिपाड." मी म्हटलं, "काकू, एक संधी द्या."

त्या दिवसापासून पाळतो ते नियम सांगते. लिहून घ्या.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून टिपाडाच्या तोंडाला दुहेरी सुती कापड ताणून, दोरीनं घट्ट बांधा. पाणी कापडातूनच आत गेलं पाहिजे. पाणी आठवड्याच्या आत संपवा. आठवड्यातला एक वार ठरवून टिपाड रिकामं करा आणि आतून काथ्यानं घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. वरच्या पन्हळीतही पाणी तुंबू देऊ नका. आमचा वार शुक्रवार आहे.

हंगामातला पहिला पाऊस पत्रा धुण्यासाठी सोडून द्या. पुढेही प्रत्येक पावसाची पहिली दहा मिनिटं पन्हळ बाजूला वळवा.

टिपाड औषधाचं किंवा रसायनाचं घेऊ नका. कितीही धुतलं तरी नाही. दोनशे रुपये वाचवायला जाऊन विष घरात आणायचं नाही.

हे पाणी पिऊ नका आणि स्वयंपाकाला वापरू नका. पत्र्यावर धूळ असते, पाखरांची घाण असते. कपडे, फरशी, संडास, झाडं यासाठी ते उत्तम. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, या पाण्यात भरपूर येतो. साबण कमी लागतो, हे मी स्वतः बघितलंय.

ज्यांची मुलं शहरात वरच्या मजल्यावर राहतात, त्यांना एक सांगा. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो वजन. गॅलरीत टिपाड ठेवायचं नाही. दोन बादल्या पावसात सरकवल्या तरी फरशी पुसायचं पाणी सुटतं.

आता आमच्या चारही खोल्यांपुढे पन्हळ आहे. पाऊस चांगला झाला की त्या आठवड्यात धुण्याभांड्याला नळाचं पाणी लागत नाही. प्यायचं पाणी आधी भरून घेता येतं, आणि रांगेत कळशी ठेवून पोरीला शाळा बुडवावी लागत नाही. आणि तापातून उठलेली ती मुलगीच आता दर शुक्रवारी माझ्या दारात येते. म्हणते, "मावशी, काथ्या कुठंय?"

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्यात भाड्यानं कोण कोण राहतं ते विचारा. दोघी-तिघींनी मिळून एक टिपाड घ्या. गटातून छोटं कर्ज द्या. आणि घासायचा वार तिथंच, बैठकीतच ठरवा. वार ठरला नाही तर टिपाड घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

बरं, येते. नमस्कार.