तपासणीचा दिवस आणि तीन महिन्यांची हजेरी

(मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर पंगत आहे, हे मी विसरलेले नाही. संयोजकांनी विषय दिला 'आरोग्य'. तो मला पेलणारा नाही. तीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅब चालवते, तेव्हा रोज जिच्याशी गाठ पडते त्या साखरेबद्दलच बोलते. हात वर करायला सांगत नाही, पण मघाशी बिनसाखरेचा चहा कितीजणांनी मागितला ते मी पाहिलंय!

शाळेत साहेबांची तपासणी असायची, आठवतं? आदल्या दिवशी तक्त्यांवरची धूळ झटकायची, हुशार मुलं पहिल्या बाकावर. साहेब खूश होऊन जायचे. उपाशीपोटीची शुगर ही तशीच तपासणी. त्या सकाळी रक्तात साखर किती, एवढंच ती सांगते. बरेचजण आधीचे चार दिवस भात सोडतात, विसरलेल्या गोळ्या नेमाने घेतात. रिपोर्ट चांगला येतो आणि लॅबमधून निघाल्यावर पाय जिलेबीच्या दुकानाकडे वळतात.

हजेरीपट मात्र वेगळा असतो. तो म्हणजे एचबीएवनसी, ज्याला लोक 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. रक्तातली साखर त्याला चिकटते, आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवस. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं, की मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा. चार दिवसांच्या उपासाने हा आकडा फारसा हलत नाही. 7 टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे 154, आणि 8 टक्के म्हणजे 183.

1968 साली तेहरानमध्ये सॅम्युएल राहबार वेगळ्या प्रकारची हिमोग्लोबिनं शोधत होते, तेव्हा मधुमेहींच्या रक्तात त्यांना हे दिसलं. आपल्या हातात तेव्हा पाटीही आली नव्हती. पुढे 1993 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की टाइप 1 मधुमेहात हा आकडा 9 ऐवजी 7 च्या आसपास ठेवला, तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि नसा यांना होणारी इजा बरीच कमी होते. या चाचणीला वजन आलं ते तिथून.

आता आकडे. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 200 किंवा जास्त, एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. दुसऱ्यांदा खात्री करतात. घरातलं ग्लुकोमीटर रोजच्या नजरेसाठी उत्तम, पण निदान त्यावर करू नये.

मला मुख्य सांगायचंय ते पुढेच. हजेरीपटही चुकतो. आपल्याच वर्गातली एकजण, तिला विचारून सांगते. काही वर्षांपूर्वी तिचा एचबीएवनसी 6.7 आला आणि एका ठिकाणी लगेच गोळ्या सुरू झाल्या. ती माझ्याकडे रडतच आली. आईचा पाय याच आजाराने गेलेला तिने पाहिला होता. मी आधी हिमोग्लोबिन बघितलं. 8! पाळी जाण्याच्या त्या वयात रक्तस्राव खूप, अंगात लोह नाही. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटाच वर जाऊ शकतो. उपाशीपोटीची 96, ग्लुकोजनंतरची 132. फिजिशियनने गोळ्या थांबवल्या, लोह दिलं, रक्तस्रावावर उपचार झाले. काही महिन्यांनी आकडा 5.8. आज ती समोर बसलीय आणि हसतेय.

उलटंही होतं. आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघरी नसला तरी गावोगावी आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला दिवसच मिळत नाहीत. साखर वाढलेली आणि एचबीएवनसी सुरेख! नुकतं रक्त चढवलं असेल, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तरीही आकडा फसवतो. बोटाची साखर आणि हा रिपोर्ट जुळत नसेल, तर गप्प बसू नका. डॉक्टरांना विचारा, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट पुढे ठेवा.

सर, बाई, तुमच्यासाठी एक वेगळं. सत्तरी-ऐंशीत सात टक्क्यांचा हट्ट नको. साखर एकदम उतरून पडणं, हाड मोडणं, हा धोका मोठा. 8 पर्यंत चालेल का, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

उद्या सकाळी सात ते नऊ मी हॉलच्या मागच्या खोलीत नळ्या घेऊन बसणार आहे. उपाशीपोटीची शुगर द्यायची असेल त्यांनी पोह्यांच्या रांगेआधी यावं. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे आज रात्री श्रीखंड खाल्लं ही सबब चालणार नाही.