घडीच्या कॅमेऱ्याची घरगुती दुरुस्ती

डोंबिवलीलगतच्या कोपरसारख्या खाडीकांठच्या वस्तींत पावसाळ्याची दमट हवा कपाटांतल्या जुन्या कॅमेऱ्यालाहि सोडीत नाहीं. भिंगावर बुरशी चढते. वारंवार मिटल्या-उघडल्यानें भात्याच्या घड्यांना कोपऱ्यांत सूक्ष्म छिद्रें पडतात.

कोडॅकनें १९०१ सालीं काढलेली १२० क्रमांकाची फिल्म आजहि मिळते. म्हणून असा कॅमेरा केवळ शोभेची वस्तु ठरत नाहीं. परंतु सहा गुणिले नऊ सेंटिमीटरचीं चित्रें एका फिल्मवर आठच निघतात, आणि एका छिद्रांतून शिरलेला प्रकाश तीं आठहि बिघडवूं शकतो. यासाठीं रात्रीं खोलींत अंधार करून, मागचें झांकण उघडून भात्यांत लहान दिवा धरावा. बाहेर जेथें प्रकाशाचा ठिपका दिसेल, तेथें लवचिक काळ्या रंगाचा पातळ थर द्यावा. थर जाड झाला तर भाता मिटणार नाहीं.

शटर अडखळत असेल तर तेल घालण्याचा मोह आवरावा. बहुधा जुनें तेल चिकट झाल्यानेंच तें अडलेलें असतें. भिंग काढण्याआधीं त्याच्या मूळ जागेची खूण करावी. ती चुकल्यास चित्र अस्पष्ट येतें. बुरशीनें कांचच खाल्ली असेल तर मात्र हात आंवरावा. वडिलांचा कॅमेरा मुलांच्या हातीं चालता राहावा, हा या खटाटोपाचा हेतु. सुटे भाग डबींत पडून राहिले तर ती दुरुस्ती नव्हे.