चार उंबरठे

चेन्नईत, म्हणजे पूर्वीच्या मद्रासेत, विद्यार्थ्यांना निरनिराळ्या धर्मांची प्रार्थनास्थळे दाखवावयाची असली, तर सर्वांत सोपा मार्ग अड्यारचा. थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ मध्ये तेथे आपले ठाणे मांडले आणि पुढे त्या विस्तीर्ण उपवनात मंदिर, मशीद, चर्च, बौद्ध देवालय अशी छोटेखानी स्थाने उभी राहिली. एका सकाळी सर्व धर्मांची प्रदक्षिणा पुरी होते. पण ही झाली बागेतली शेजारणी. तेथे कोणाचा कोणाला उपसर्ग नाही आणि म्हणूनच कोणावर कोणाचे ऋणही नाही. शिकावयाचे असेल, तर मैलापूरच्या आणि तिरुवल्लिक्केणीच्या गजबजाटातून पायी हिंडावे.

मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचे गोपुर १९०६ सालचे, सुमारे १२० फूट उंच. मुले माना वर करून त्यावरील मूर्ती मोजू लागतात. परंतु गाभाऱ्याकडे जाण्यास अहिंदूंना मनाई आहे, आणि तुकडीत ख्रिस्ती व मुसलमान मुलेही असतात. एका वर्गाचे येथे दोन भाग पडतात. ह्या क्षणी शिक्षकाने आत न जाता बाहेर राहिलेल्यांसमवेत उभे राहावे, हे बरे. देवदर्शन त्याला पुन्हा केव्हाही घडेल.

तेथून पंधरा-वीस मिनिटे चालले की समुद्राकाठी सान्तोमेचे शुभ्र चर्च लागते. संत थॉमसची समाधी येथे आहे, अशी ख्रिस्ती जनांची श्रद्धा. आजची इमारत १८९६ ची. मूळ चर्च सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधले. कपालीश्वराचे प्राचीन मंदिरही ह्याच किनाऱ्यावर होते आणि त्याचा विध्वंस पोर्तुगीजांच्या काळात झाला, असे सांगतात. जुन्या मंदिराच्या शिलालेखांचे तुकडे चर्चच्या आवारात सापडले आहेत. ही हकीकत मुलांना सांगावी की गाळावी? सांगावीच, आणि सांगताना आवाज चढवू नये, दबकाही करू नये. येथे शांतपणे ऐकली नाही, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून ती तापलेली ऐकावी लागेल.

तिरुवल्लिक्केणीची वालाजाही मशीद १७९५ ची, करड्या दगडाची. तिच्यावर एक फारसी कालश्लेष कोरलेला आहे. त्यातील अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीज केली की बांधणीचे हिजरी वर्ष, १२०९, निघते. रचणारा नवाबाच्या दरबारातील राजा मक्खनलाल, म्हणजे हिंदू. गणिताची गोडी नसलेली पोरेही ही बेरीज ऐकून कान टवकारतात. रमजानच्या महिन्यात संध्याकाळी गेले, तर आणखी एक दृश्य दिसते: मैलापूरच्या सूफीदार संस्थेचे सिंधी हिंदू स्वयंसेवक, डोक्यावर टोप्या घालून, रोजा सोडणाऱ्यांच्या पंगतीत शाकाहारी अन्न वाढीत असतात. फाळणीत ज्यांचा सिंध सुटला, त्या लोकांची ही कित्येक दशकांची सेवा.

शेवटचा मुक्काम रायपुरमचा. १९१० साली उभारलेली पारशांची अग्यारी. आतील पवित्र अग्नीचे दर्शन पारशांखेरीज कोणासही नाही. सकाळी देवळात पुढे गेलेली मुले आणि तेथे मागे थांबलेली मुले, दोन्ही आता रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभी असतात, आणि आत काय असेल ते एकमेकांना विचारीत असतात.